लहान मैदानाचे ऋण

क्रीडापटूच्या जीवनाची कथा सांगण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. लहानपणीच कुणाच्या तरी पारखी नजरेला त्या मुलातील गुण दिसतात, एखाद्या नामांकित संस्थेत त्याला प्रवेश मिळतो, मग वयाबरोबर तो यशाच्या पायऱ्या चढत जातो आणि विशीच्या आतबाहेर कीर्तीच्या शिखरावर पोहोचतो. या कथेला वळणे नसतात. मध्येच थांबलेला, दुसरीकडे रमलेला, उशिरा जागा झालेला माणूस तिच्यात बसत नाही. ठरलेल्या वयात ठरलेल्या पायरीवर जो दिसला नाही तो मागे पडला, असा निकाल समाज बिनदिक्कत देऊन मोकळा होतो. शिक्षणाच्या क्षेत्रात हा निकाल जितका कठोर असतो, तितकाच तो खेळाच्या क्षेत्रातही असतो.

मॅक्स किल्मन या इंग्लिश फुटबॉलपटूची कारकीर्द या निकालाला छेद देणारी आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तो इंग्लंडमधील पाचव्या श्रेणीच्या एका छोट्या क्लबकडून खेळत होता. मोठ्या फुटबॉलच्या जगात त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. मात्र त्याच काळात, फुटबॉलच्या एका धाकट्या भावंडाच्या मैदानावर, तो आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करीत होता. त्या खेळाचे नाव फुटसाल. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटसाल संघाकडून तो २५ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पुढे तोच खेळाडू इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, स्थिरावला, एका मान्यवर संघाचा कर्णधार झाला आणि २०२४ मध्ये मोठ्या किमतीला दुसऱ्या संघात गेला.

ही हकिकत सुखान्त आहे आणि म्हणूनच ती आवडीने सांगितली जाते. परंतु तिच्यातून जो अर्थ सामान्यतः काढला जातो तो तपासून पाहण्याजोगा आहे. लहान खेळ हा मोठ्या खेळाकडे जाणारा जिना, एवढाच तो अर्थ असेल, तर त्या लहान खेळाला आपण न्याय देत नाही. आणि त्याने घडविलेल्या माणसांनाही देत नाही.

फुटसाल म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. या खेळाचा जन्म १९३० मध्ये दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाची राजधानी मॉन्टेव्हिडिओ येथे झाला. फुटबॉलची पहिली विश्वचषक स्पर्धा याच शहरात आणि याच वर्षी भरली होती. तिथल्या वाय. एम. सी. ए. या संस्थेतील शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी, छपराखालच्या मर्यादित जागेत मुलांना फुटबॉल खेळता यावा म्हणून, बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटरपोलो या खेळांतील काही नियम उचलून एक नवा खेळ तयार केला. ‘सभागृहातील फुटबॉल’ या अर्थाच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज शब्दांवरून पुढे त्याला फुटसाल हे नाव पडले. ब्राझीलने हा खेळ उचलून धरला आणि तो तिथल्या शहरी बालपणाचा भागच बनला. जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये भरविली. २०२४ मध्ये उझबेकिस्तानात झालेली स्पर्धा ब्राझीलने जिंकली. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा मात्र २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये झाली. हा विलंबही पुरेसा बोलका आहे.

फुटसालमध्ये प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह पाच खेळाडू असतात. मैदान साधारणपणे ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. गोलाची चौकट ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असते. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा आकाराने लहान आणि फारसा न उसळणारा असतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव होतात. परंतु चेंडू मैदानाबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे वेळकाढूपणाला वाव राहत नाही. बाहेर गेलेला चेंडू हाताने फेकायचा नसून पायाने मारायचा असतो आणि तोही चार सेकंदांच्या आत. एका डावात संघाच्या नावावर सहावा गंभीर नियमभंग जमा झाला की प्रतिपक्षाला समोर भिंत उभी न करता थेट फटका मारण्याची संधी मिळते. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात.

हे नियम कोरडे वाटले तरी त्यांच्या पोटात या खेळाचे सारे मर्म आहे. साधे गणित करून पाहावे. फुटबॉलचे पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले, तर त्यावरील बावीस खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. फुटसालच्या मैदानावर दहा खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला येतात केवळ ८० चौरस मीटर. म्हणजे मोकळी जागा पाव हिश्शाहूनही कमी. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो पुढे कुठे द्यायचा हे ठरवावे लागते, कारण तो आल्यानंतर विचाराला वेळ उरत नाही. चेंडू पायाच्या तळव्याखाली दाबून धरणे, अंगाने आड राहून तो राखणे, देऊन लगेच नवी जागा गाठणे, या गोष्टी तिथे चैनीच्या नसतात. त्यांच्याशिवाय खेळताच येत नाही. शिवाय तिथे केवळ बचाव करणारा किंवा केवळ चढाई करणारा असा कुणी राहू शकत नाही. क्षणापूर्वी गोल मारायला गेलेला खेळाडू दुसऱ्या क्षणी आपली चौकट राखायला धावतो. लहान मैदान कुणालाही लपू देत नाही.

किल्मनचा जन्म १९९७ मध्ये लंडनमध्ये झाला. त्याचे आईवडील मूळचे युक्रेनचे. कुमारवयात तो फुलहॅम आणि नंतर जिलिंगहॅम या क्लबांच्या प्रशिक्षणवर्गांत होता. परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा पुढचा मार्ग खुला झाला नाही. इंग्लंडमधील अशा वर्गांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले बाहेर पडतात. ज्या वयात शाळा सुटण्याचे, नोकरी शोधण्याचे आणि स्वतःविषयी मत बनविण्याचे दिवस असतात, त्याच वयात त्यांना ‘तू पुरेसा नाहीस’ हे ऐकावे लागते. त्यांतील अनेक जण खेळ कायमचा सोडून देतात.

किल्मनने खेळ सोडला नाही. तो टेम्स नदीकाठच्या मेडनहेड या गावच्या मेडनहेड युनायटेड या क्लबात दाखल झाला. या क्लबाचे यॉर्क रोड मैदान १८७१ पासून त्याच क्लबाकडून सलग वापरात आहे आणि जगातील सर्वांत जुन्या फुटबॉल मैदानांत त्याची गणना होते. इतिहास मोठा असला तरी पैसा थोडा. मधल्या काळात अनुभवासाठी त्याला जवळच्याच मार्लो या आणखी खालच्या श्रेणीतील क्लबाकडे पाठविण्यात आले होते. २०१७ मध्ये मेडनहेड युनायटेड सहाव्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत चढला.

या क्लबाचे व्यवस्थापक होते अ‍ॅलन डेव्हनशर. त्यांचे स्वतःचे आयुष्य इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. तरुणपणी ते एका कारखान्यात माल उचलण्याचे यंत्र चालवीत असत आणि फावल्या वेळात एका हौशी संघाकडून फुटबॉल खेळत. १९७६ मध्ये वेस्ट हॅम युनायटेड या क्लबाने त्यांना घेतले. १९८० चा एफ. ए. चषक जिंकणाऱ्या संघात ते होते आणि इंग्लंडकडूनही ते खेळले. रूढ वाटेने न आलेल्या माणसाची योग्यता ओळखण्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाचा दाखला नको होता. उंचापुऱ्या, डाव्या पायाच्या या तरुणाला त्यांनी बचावफळीत विश्वासाने उभे केले.

मेडनहेडच्या या दिवसांतच किल्मनचे फुटसालही चालू होते. एकीकडे वारा-पावसातले मोठे मैदान, दांडगे आघाडीपटू, उंच उडणारे चेंडू. दुसरीकडे छपराखालचे गुळगुळीत मैदान, जमिनीलगत फिरणारा चेंडू आणि समोर स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेत तयार झालेले चलाख प्रतिस्पर्धी. मातीत तयार झालेला मल्ल गादीवर उतरतो तेव्हा त्याचे बळ तेच असते, पण पवित्रे निराळे लागतात. किल्मनला हे पवित्रे आठवड्यागणिक बदलावे लागत होते. एका खेळात तो अनेकांतला एक होता. दुसऱ्यात तो इंग्लंडचा पोशाख घालून उतरत होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या प्रीमियर लीगमधील क्लबाने त्याला करारबद्ध केले. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार मेडनहेडला त्यापोटी सुमारे ४० हजार पौंड मिळाले. त्या जगातील व्यवहार पाहता ही रक्कम नगण्यच म्हटली पाहिजे. सुरुवातीला त्याला क्लबच्या २३ वर्षांखालील संघात ठेवले गेले. मे २०१९ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये प्रथमच मैदानावर उतरला. समोर संघ होता फुलहॅमचा, ज्या क्लबात त्याने मुलगा म्हणून धडे घेतले होते तोच. इंग्लंडच्या फुटसाल संघातील एखादा खेळाडू प्रीमियर लीगमध्ये खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतरही यश एका झेपेत आले नाही. पहिली काही वर्षे तो बहुतेक बदली खेळाडू म्हणूनच बसला. पुढे मात्र त्याचे स्थान पक्के झाले. २०२३-२४ च्या हंगामात तो संघाचा कर्णधार होता आणि लीगच्या सर्व ३८ सामन्यांत खेळला. जुलै २०२४ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडने त्याला सात वर्षांच्या करारावर घेतले. डेव्हनशर यांना कारखान्यातून उचलणारा हाच तो क्लब. या वेळी प्रसिद्ध झालेली किंमत होती सुमारे ४ कोटी पौंड, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या रकमेच्या हजारपट.

फुटसालने किल्मनला नेमके काय दिले? या प्रश्नाचे उत्तर देताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. उंची, ताकद, हवेतील चेंडूवरची पकड हे बचावपटूचे गुण फुटसाल शिकवीत नाही. ते त्याने यॉर्क रोडच्या चिखलात आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या सरावात कमावले. परंतु आजच्या फुटबॉलमध्ये बचावपटूने केवळ चेंडू अडवून भागत नाही. प्रतिपक्षाचे खेळाडू अंगावर धावून येत असताना त्याने चेंडू शांतपणे ताब्यात घ्यावा, एक-दोन पावले पुढे न्यावा आणि नेमक्या सहकाऱ्याकडे द्यावा, अशी अपेक्षा असते. संघाची चढाई बहुधा त्याच्याच पायापासून सुरू होते. अशा वेळी मोठे मैदानही त्याच्यापुरते लहान होऊन जाते, आणि लहान मैदानावर कसे वागावे हे किल्मन आधीच शिकलेला होता. इतरांना जी जागा अपुरी वाटली असती, तीच त्याला ऐसपैस वाटली असल्यास नवल नाही.

येथपर्यंत बहुतेकांचे एकमत होईल. मतभेद सुरू होतो तो यापुढे. किल्मनच्या यशाकडे बोट दाखवून फुटसालची शिफारस केली जाते: पाहा, हा खेळ मोठ्या फुटबॉलसाठी खेळाडू तयार करतो, म्हणून तो जगविला पाहिजे. हा युक्तिवाद सद्हेतूने केलेला असला तरी दुबळा आहे. खेळाचे मोल तो बाहेरच्या बाजारात ठरवितो. पंचवीस खेळाडूंपैकी एकाला ४ कोटींची किंमत आली तर खेळ उपयुक्त ठरला. मग उरलेल्या चोवीस जणांचे काय? इंग्लंडच्या फुटसाल संघातील बहुतेक खेळाडू नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारे होते. त्यांनीही तेच राष्ट्रगीत ऐकले, तीच मेहनत घेतली, त्याच पराभवांची चव घेतली. त्यांचा खेळ ही केवळ दुसऱ्याची पूर्वतयारी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

ब्राझीलच्या फाल्काव या खेळाडूचे उदाहरण येथे आठवते. फुटसालच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठांपैकी एक मानला गेलेला हा खेळाडू २००५ मध्ये साओ पाउलो या नामांकित क्लबाकडून मोठा फुटबॉल खेळायला गेला. तिथे त्याला फारशी संधी मिळाली नाही आणि काही महिन्यांतच तो आपल्या खेळाकडे परतला. पुढे २००८ आणि २०१२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या फुटसाल संघात तो होता. जिना चढण्याच्या भाषेत बोलायचे तर फाल्काव अयशस्वी ठरतो. परंतु ब्राझीलमध्ये असे कुणी म्हणणार नाही. तो आपल्या घरी परतला, एवढेच. किल्मन आणि फाल्काव यांच्या वाटा एकमेकींच्या उलट दिशांनी गेल्या. दोघांचाही मान सारखाच राहिला तर त्या खेळाला स्वतःची प्रतिष्ठा आहे असे म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये ही प्रतिष्ठा किती कच्ची होती हे लवकरच दिसून आले. तिथल्या फुटबॉल संघटनेने २०१८ मध्ये फुटसालच्या वाढीसाठी सहा वर्षांची योजना मोठ्या उत्साहाने जाहीर केली होती. किल्मन वुल्व्हरहॅम्प्टनला गेला तो याच वर्षी. परंतु दोनच वर्षांत, २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे संघटनेचे उत्पन्न घटले आणि खर्चाला कात्री लागली. त्या कात्रीखाली उच्च स्तरावरील फुटसालचा जवळजवळ सर्व निधी गेला. राष्ट्रीय संघाचा एक माजी खेळाडू प्रीमियर लीगमध्ये पाय रोवीत असताना त्या संघाचाच आधार काढून घेतला गेला.

संघटनेची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रेक्षकांवाचून मैदाने ओस पडली होती, कर्मचारी कमी करावे लागत होते आणि कुठेतरी बचत करणे भागच होते. अडचणीच्या दिवसांत कुटुंबप्रमुखालाही नको असलेले निर्णय घ्यावे लागतात. प्रश्न बचतीचा नाही. बचत करताना कुणाचे ताट प्रथम उचलले जाते हा आहे. धाकट्याचे ताट उचलले तर आवाज होत नाही, म्हणून ते उचलणे सोपे असते. फुटसालच्या खेळाडूंमागे ना मोठे प्रायोजक होते, ना लाखो प्रेक्षक. शिवाय खेळाचे पीक एका हंगामात हाती येत नाही. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला लहान मैदानाने काय दिले हे आणखी दहा-बारा वर्षांनी कळणार. त्या वेळी २०२० च्या बचतीचा हिशेब कुणी मागणार नाही. दूरचे फळ दिसत नाही म्हणून झाडाचे पाणी तोडण्याचा मोह सर्वच संस्थांना होतो.

यातील विसंगती आणखी एका गोष्टीने ठळक होते. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू अधिकृत स्पर्धेत ज्या देशाकडून खेळला, त्या देशाशी तो सामान्यतः बांधला जातो. मग तो सामना फुटबॉलच्या कोणत्याही प्रकारातील असो. किल्मनचे आईवडील युक्रेनचे असल्यामुळे २०२१ च्या सुमारास त्याला युक्रेनच्या फुटबॉल संघात घेण्याची चर्चा झाली. त्या वेळी त्याने इंग्लंडसाठी खेळलेले फुटसालचे सामनेच आडवे आले. म्हणजे नियमाच्या पुस्तकात फुटसालचा सामना पूर्ण वजनाचा ठरतो. खेळाडूचे राष्ट्रीयत्व ठरविण्याइतके त्याला मोल असते. अंदाजपत्रकाच्या पानावर मात्र तोच खेळ हलका होऊन जातो. बंधन घालताना एक माप आणि आधार देताना दुसरे, ही गोष्ट न्यायबुद्धीला पटणारी नाही.

मेडनहेड युनायटेडने आपल्या खेळाडूला वुल्व्हरहॅम्प्टनकडे सोपविताना करारात एक अट घातली होती. पुढे तो अधिक किमतीला दुसरीकडे गेल्यास त्यातील काही वाटा मेडनहेडला मिळावा. २०२४ च्या व्यवहारातून या छोट्या क्लबाला सुमारे ४० लाख पौंड मिळणार असल्याचे वृत्तपत्रांनी सांगितले. पाचव्या श्रेणीतील क्लबाला ही रक्कम म्हणजे अनेक वर्षांची बेगमी होय. ज्याने घडविले त्याला त्याचा वाटा मिळावा, ही रीत उत्तम आहे. पण घडविणाऱ्यांत फुटसालही होते आणि त्याच्या नावे करारात एकही ओळ नव्हती. ४ कोटींच्या त्या व्यवहारात लहान मैदानाच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही.

हे ऋण पैशानेच फेडावे असे नाही. पैशाहून सोपी आणि तरीही कठीण अशी एक परतफेड आहे. ती म्हणजे मान्यता. इंग्लंडच्या फुटसाल संघाचे काही काळ प्रशिक्षक असलेले मायकेल स्कुबाला फेब्रुवारी २०२३ मध्ये लीड्स युनायटेडचे तात्पुरते प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर २-२ असे बरोबरीत रोखले. त्याच वर्षी पुढे लिंकन सिटी या क्लबाने त्यांना व्यवस्थापक नेमले. म्हणजे लहान खेळातून मोठ्याकडे जाते ते केवळ पायांचे कौशल्य नव्हे, विचारही जातो. ज्ञान देणाऱ्याला शिक्षक म्हणावे, शिकाऊ म्हणू नये, एवढा विवेक तरी राखता येण्यासारखा आहे.

भारतात हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या महानगरांत मोकळी जागा दिवसेंदिवस आकसत आहे आणि पूर्ण आकाराचे फुटबॉल मैदान ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. अशा ठिकाणी लहान मैदानाचा खेळ स्वाभाविकपणे रुजू शकतो. २०१६ मध्ये चेन्नई आणि गोवा येथे फुटसालची एक व्यावसायिक स्पर्धा गाजावाजा करून भरविण्यात आली. रोनाल्डिनो, रायन गिग्ज आणि फाल्काव यांच्यासारखे जगप्रसिद्ध खेळाडू तिच्यात उतरले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता मात्र तिला नव्हती आणि दोन हंगामांनंतर ती पुढे चालली नाही. उसन्या दिव्यांनी मांडव उजळतो, घर उजळत नाही. त्यानंतर महासंघाने २०२१ मध्ये दिल्लीत क्लबांची पहिली राष्ट्रीय फुटसाल स्पर्धा घेतली आणि २०२३ मध्ये भारताचा पुरुष संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. ही सुरुवात साधी आहे, पण पायाकडून झालेली आहे.

या सुरुवातीच्या टप्प्यावरच एक गोष्ट ठरवून टाकणे इष्ट आहे. फुटसाल खेळणाऱ्या मुलामुलींना ‘फुटबॉलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून इकडे आलेले’ समजायचे, की स्वतंत्र खेळाचे खेळाडू समजायचे? पहिली दृष्टी स्वीकारली तर प्रत्येक आर्थिक अडचणीत हा खेळ प्रथम बळी जाईल. दुसरी स्वीकारली तर ज्याला या खेळात राहायचे आहे तो राहील, ज्याला मोठ्या मैदानाकडे जायचे आहे तो जाईल आणि ज्याला दोन्ही साधायचे आहे त्यालाही मज्जाव होणार नाही. दोन्ही खेळांच्या संघटकांनी आपापली वेळापत्रके एकमेकांशी जुळवून घेतली, तर खेळाडूवर एकाची निवड करण्याची सक्ती अकालीच येणार नाही. फार लवकर एकच वाट पकडायला लावणे हे कोवळ्या वयाच्या हिताचे नसते. खेळातही नाही आणि शिक्षणातही नाही.

अर्थात दोन वाटांनी चालण्यालाही किंमत द्यावी लागते. शरीर थकते, विश्रांती कमी पडते, दोन्हीकडचे लोक ‘हा आपला पूर्ण नाही’ असे म्हणतात. किल्मनलाही एका टप्प्यावर फुटसाल सोडावे लागले. प्रीमियर लीगच्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती. प्रत्येकाला दोन्ही मैदाने जन्मभर सांभाळता येतील असे कुणी म्हणत नाही. परंतु सोडलेली गोष्ट वाया गेलेली नसते. माणूस जे एकदा मनापासून शिकतो ते त्याच्या चालण्याबोलण्यात, निर्णयात, संकटाच्या क्षणी शांत राहण्याच्या शक्तीत मुरते. त्याचे प्रमाणपत्र कुणी देवो वा न देवो.

दिवसा काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या, वयाची वर्षे मध्ये गेल्यावर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या अनेकांना ‘हे शिक्षण मुख्य नव्हे, पर्यायी आहे’ असे ऐकावे लागते. पर्यायी हा शब्द उच्चारताना त्यात ‘कमी दर्जाचे’ असा अर्थ नकळत मिसळला जातो. किल्मनच्या कारकिर्दीने या शब्दाचा खरा अर्थ दाखवून दिला आहे. मुख्य रस्त्याने ज्याला दोनदा माघारी पाठविले, त्याला बाजूच्या रस्त्याने चालते ठेवले. त्या रस्त्याची डागडुजी करणे, त्यावर दिवे लावणे आणि त्यावरून चालणाऱ्यांना मानाने वागविणे हे त्या वाटेने पुढे गेलेल्या एकट्याचे काम नाही. ज्या समाजाला अशी माणसे हवी आहेत, त्या सर्व समाजाचे ते कर्तव्य आहे.